मालिकांतली आमची माणसे वाढणार कधी?

मालिका आणि चित्रकथा या विषयावर आंबेडकरी दैनिकात लिहायचे म्हटले की काही समाजबांधवांच्या कपाळाला आठ्या पडतात. शिष्यवृत्त्या रखडतात, नोकऱ्या कंत्राटी होत चालल्या आहेत, आणि तुम्ही मालिकांवर शाई कसली वाया घालवता, असा सवाल आम्हाला केला जातो. आमचे उत्तर साधे आहे. ज्या चळवळीने भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरवले, ज्या चळवळीने वामनदादांना डोक्यावर घेतले, त्या चळवळीने करमणुकीला कधीच किरकोळ मानले नाही. सभेला न येणारा माणूस जलशाला येत होता. आज तोच माणूस बायकामुलांसह रात्री टीव्हीपुढे बसलेला असतो. तेथे त्याला काय दाखवले जाते याचा हिशोब आम्ही मांडायचा नाही, तर कोणी मांडायचा?

आम्ही बोर्ली पंचतनचे. श्रीवर्धन तालुक्यातले हे बाजाराचे गाव. माणगाव, म्हसळ्याकडून एसटी येते आणि पुढे दिवेआगरचा समुद्र लागतो. बौद्धवाडीतल्या बहुतेक घरांचा एक पाय मुंबईत. आम्ही मालिका बघणारे आहोत आणि ते सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. दिलीप प्रभावळकरांची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ साली सुरू झाली तेव्हा वाडीत ज्या घरी केबल होती त्या घरी दाटीवाटीने बसून आम्ही ती पाहिली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. त्या घराशी आमचा काडीचा संबंध नव्हता. तरीही ती माणसे आमची झाली, कारण त्यातला प्रत्येक जण चुकत होता, रुसत होता आणि हळूहळू शहाणा होत होता. व्यक्तिरेखा वाढते म्हणतात ते याला. पहिल्या भागात भेटलेला माणूस शंभराव्या भागात थोडा वेगळा झालेला असावा, आणि ते वेगळेपण त्याने स्वतःच्या निर्णयातून कमावलेले असावे. कोणीतरी येऊन त्याच्या कानफटात मारली म्हणून तो बदलला, ही वाढ नव्हे.

मराठी मालिकावाल्यांना हे तंत्र येत नाही असे कोणी म्हणू नये. चांगले येते! 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका नवऱ्याने फसवल्यावर रडत बसली नाही, मसाल्याचा धंदा काढून उभी राहिली. 'आई कुठे काय करते' मधली अरुंधती पाठीमागच्या पदराची गृहिणी होती. ती नवऱ्यापासून वेगळी झाली, गाऊ लागली, आपले मत मांडू लागली. आमच्या वाडीतल्या बायांनी या दोघींवर मनापासून प्रेम केले. प्रश्न एवढाच की ही वाढ कोणाच्या वाट्याला येते? एक सुभेदार, दुसरी देशमुख. 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये गोखले. कांबळे आडनावाचा माणूस मालिकेत आलाच तर हवालदार म्हणून येतो, नाहीतर बाईंच्या घरी धुणीभांडी करणारी प्रेमळ मावशी म्हणून. तो दार उघडतो, निरोप सांगतो आणि जातो. त्याला घर नसते, भूतकाळ नसतो, म्हणून भविष्यही नसते. (सुभेदार हे आडनाव ऐकले की आम्हाला मात्र पहिल्यांदा रामजी सुभेदार आठवतात. पण पडद्यावरच्या सुभेदारांना त्याच्याशी काय देणेघेणे!)

अशा परिस्थितीत १८ मे २०१९ ला, ऐन बुद्धपौर्णिमेला, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. त्या संध्याकाळी वाडीत काय वातावरण होते हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. शीर्षकगीत लागले की लहान पोरे उभी राहात. सागर देशमुख यांनी बाबासाहेब उभे केले, शिवानी रांगोळे यांनी रमाई उभी केली, आणि एका मोठ्या व्यापारी वाहिनीवर रोज रात्री आमच्या घरातले बोलणे ऐकू येऊ लागले. त्यापूर्वी जब्बार पटेलांचा चित्रपट होता, श्याम बेनेगलांच्या 'संविधान' मध्ये सचिन खेडेकर होते. पण ते वर्षातून एकदा, जयंतीला किंवा महापरिनिर्वाण दिनाला पाहायचे. रोजच्या जेवणाच्या ताटाशी येणारे बाबासाहेब ही गोष्टच नवी होती. मध्येच टाळेबंदी आली, चित्रीकरण थांबले, दूरदर्शनने जुने 'रामायण' पुन्हा लावले. त्यातून सावरतो तोच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक दिवस वाडी अंधारात राहिली. वीज आली तेव्हा पंखा लागला का हे न बघता म्हाताऱ्या माणसांनी आधी विचारले, बाबासाहेबांची मालिका सुरू झाली का? २०२० च्या ऑक्टोबरात ती संपली. ज्यांनी ती केली त्यांचे ऋण आम्ही मान्य करतो.

आणि ऋण मान्य करूनच पुढचे बोलतो. बाबासाहेबांवरच्या मालिका असोत की चित्रकथा, त्यांची एक ठरलेली चाल आहे. आधी अपमान, मग पराक्रम. शाळेत वेगळे बसवले, पाणी वरून ओतले, गाडीवानाने गाडीतून उतरवले. आणि त्याचे फळ म्हणून परदेशी पदव्या, महाड, संविधान. जणू अपमानाचे बी पेरले की महामानवाचे झाड आपोआप उगवते. तसे असते तर या देशात अपमानाची कमतरता नव्हती; वस्तीवस्तीत महामानव निर्माण झाले असते. मधे काय घडले? त्या मुलाने कोणत्या रात्री काय ठरवले? तेथे कॅमेरा पोहोचत नाही, पार्श्वसंगीत वाजते आणि पाच वर्षे पुढे उडी मारली जाते.

बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली एक आठवण आहे. आई गेलेली, वडिलांनी दुसरे लग्न केलेले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले की पोराच्या मनात आग उठे. बापाच्या पैशावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. पण मुंबईच्या भाड्याचे पैसे कोठून आणायचे? आत्या मीराबाई रात्री कमरेला पैशाची पिशवी खोचून झोपत. ती चोरायचा त्याने बेत केला. एक रात्र गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली आणि आत निघाला फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? त्या रात्री त्या मुलाला स्वतःची लाज वाटली, आणि पळून जाण्यापेक्षा अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहायचे असे त्याने ठरवले. आपल्या आयुष्याला त्या घटनेने वळण मिळाले, असे सांगणारे दुसरेतिसरे कोणी नव्हे, बाबासाहेबच आहेत.

वाचकहो, जगातला कोणताही पटकथाकार या चार रात्रींसाठी जीव टाकील. यात कोणी सवर्ण खलनायक नाही, मारझोड नाही, मोठे संवाद नाहीत. एक गरीब घर आहे, झोपलेली कुबडी आत्या आहे, अंधारात चाचपडणारा हात आहे आणि आत एक पोर स्वतःशीच लढते आहे. चार रात्रींचे चार भाग झाले असते. आम्हाला विचाराल तर आंबेडकरी घरातल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट शाळेतल्या अपमानाच्या गोष्टीआधी सांगितली पाहिजे. कारण दहावीत नापास झालेले, घरातून पैसे चोरून पळू पाहणारे पोर आजही वाडीत आहे. त्याला पुतळ्याकडे पाहून काय मिळणार? पुतळ्याच्या हातून कधी काही चुकलेलेच नसते.

परंतु येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. उद्या कोणा निर्मात्याने या चार रात्री दाखवायचे धाडस केले, तर पहिला दगड कोण मारणार? आमच्यातलेच काही लोक मारणार! बाबासाहेबांना चोर दाखवले म्हणून वाहिनीच्या कार्यालयावर मोर्चा निघेल, निवेदने दिली जातील, आणि निर्माता माफी मागून तो भाग काढून टाकील. आम्ही हे हवेतले बोलत नाही. गावच्या जयंतीच्या नाटकात बाबासाहेब हसतात असे दाखवले म्हणून वाद झालेला आम्ही पाहिला आहे. ज्या बाबासाहेबांनी १९४३ साली रानडेंवरच्या भाषणात विभूतिपूजेवर कोरडे ओढले, ज्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला, त्यांनाच भक्तीच्या चौकटीत बसवायचे, हा कोणता आंबेडकरवाद? बदनामी वेगळी आणि वाढ दाखवणे वेगळे. बदनामी करणाऱ्याला जाब विचाराच. पण माणूस दाखवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा.

भक्ती असली की इतिहासही हवा तसा वाकवला जातो. डिसेंबर २०१९ मध्ये अँड टीव्हीवर 'एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर' ही हिंदी मालिका आली. उत्तर भारतातल्या घराघरांत ती गेली हे मोठे काम. पण तेथे बालभीमराव वर्षाहून अधिक काळ बालच राहिले, आणि शाळेत जाणाऱ्या, मोठ्यांशी वाद घालणाऱ्या भीमरावांच्या पाठीशी आई भीमाबाई ठामपणे उभी दिसत राहिली. प्रत्यक्षात भीमाबाई १८९६ साली गेल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. आई पडद्यावर हवी हे आम्ही समजू शकतो, मालिकेला आई लागतेच. परंतु आईविना वाढलेले पोर आणि त्याला वाढवणारी ती पाठीला कुबड असलेली आत्या, हे खरे नाट्य त्यामुळे पातळ झाले. ज्या बाईने हा मुलगा सांभाळला तिचा वाटा लहान करून कोणाचा गौरव होतो?

रमाईचेही असेच. आमच्याकडून दक्षिणेला गेले की बागमांडल्याहून तर सुटते, सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, पुढे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आणि त्याच्या पलीकडे दापोलीजवळचे वणंद. रमाई या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. म्हणजे रमाई ही आमच्याच किनाऱ्याची लेक. पण पडद्यावरची रमाई एकतर रडते, नाहीतर त्याग करते. चार लेकरे गमावलेली, शेणी थापून घर चालवलेली ही बाई नवऱ्याशी कधी भांडली नसेल काय? तिला पंढरपूरला जायचे होते आणि बाबासाहेबांनी नकार दिला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मालिकेत अशा वेळी बाबासाहेबांचे उत्तर भाषणासारखे येते आणि रमाईचे डोळे पाणावतात. आम्हाला त्या उत्तरानंतरचा दिवस पाहायचा आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसली तेव्हा तिच्या मनात काय होते? तिला ते पटले, की तिने ते गिळले? २७ मे १९३५ ला रमाई गेल्या आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. या साडेचार महिन्यांत त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, यावर शंभर भाग होतील.

येवला ते नागपूर, १९३५ ते १९५६, ही एकवीस वर्षांची वाट म्हणजे तर व्यक्तिरेखेच्या वाढीचा या देशातला सर्वांत मोठा धडा. वाचन, शंका, तुलना, पुन्हा वाचन. पण वाचणारा माणूस टीव्हीवर दाखवता येत नाही, असे मालिकावाले म्हणतात. का दाखवता येत नाही? पाककृतीचा कार्यक्रम अर्धा तास चालतो तो कोणी शेवटचा पदार्थ खाण्यासाठी पाहात नाही, भाजी कशी शिजते ते पाहण्यासाठीच पाहतात ना?

आता चित्रकथांकडे वळू. आमच्या पिढीने 'चांदोबा' वाचला, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. जंगलात गोऱ्या माणसाचे सिंहासन आणि भोवती काळ्या माणसांची टोळी, यात काही खटकते आहे हे तेव्हा पोरांना कोणी सांगितले नाही. अमर चित्र कथा १९६७ ला सुरू झाली. बाबासाहेबांवरचे पुस्तक यायला १९७९ उजाडले. आले हे चांगलेच झाले, पण बत्तीस पानांत तोच क्रम, तोच अपमान, तोच पराक्रम. आणि आजच्या पोरांचे काय? वाडीतल्या एका चिमुरड्याला भीम कोण असे विचारले तर तो म्हणाला, लाडू खाऊन ताकद येणारा, ढोलकपूरचा! 'छोटा भीम' २००८ पासून सुरू आहे आणि तो लाडू खातो आहे, वाढत मात्र नाही. आम्ही हसलो. हसल्यानंतर थोडे गप्पही झालो.

२०११ साली 'भीमायन' आले तेव्हा मात्र काहीतरी वेगळे हाती लागले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ते चितारले, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानावर डबेच नाहीत. प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलणे विंचवाच्या नांगीत. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला १९०१ चा तो प्रवास, दुप्पट पैसे देऊन स्वतःच गाडी हाकत गेलेली ती तहानलेली मुले, त्यात अशी येतात की पाणी हा विषय पानभर वाहतो. जपानच्या ओसामू तेझुका यांनी तर १९७२ ते १९८३ या काळात भगवान बुद्धांवर भली मोठी चित्रकथा काढली, आणि तिची सुरुवात कोठून केली? राजवाड्यातून नव्हे. तत्ता नावाच्या अस्पृश्य पोरापासून आणि चाप्रा नावाच्या गुलाम मुलापासून! चाप्रा आपला जन्म लपवून सेनापतीच्या घरी वाढतो आणि शेवटी उघडा पडतो. सिद्धार्थही तेथे संशयात पडतो, चिडतो, थकतो. हजारो मैलांवरच्या एका चित्रकाराला जे सुचले ते बुद्धभूमीतल्या प्रकाशकांना सुचू नये?

विषय नाहीत असे कोणी म्हणेल तर त्याला आम्ही महाडला घेऊन जाऊ. १९२७ च्या महाड परिषदेसाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, तरी बाबासाहेबांबद्दलची निष्ठा त्यांनी सोडली नाही. दोन निष्ठांत ओढला जाणारा असा माणूस मालिकेला मिळाला तर तीन वर्षे पुरेल. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस घ्या. ज्या नगरपालिकेने १९२४ ला तळे खुले केले तिनेच ऑगस्ट १९२७ मध्ये ठराव फिरवला, त्या सभागृहात कोण कोणाकडे पाहात असेल? मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल? खलनायक आणि नायक असे दोनच रंग असलेल्या पडद्यावर ही माणसे मावत नाहीत, म्हणून ती येत नाहीत.

काही चांगले घडते आहे हेही नमूद केले पाहिजे. नागराज मंजुळेंच्या 'फॅन्ड्री' मधला जब्या चांगला की वाईट हे ठरवता येत नाही, तो लाजतो, खोटे बोलतो, पळतो, आणि शेवटी दगड उचलतो. २०२३ च्या 'दहाड' मध्ये पोलीस अधिकारी अंजली भाटी अखेरीस आपले मेघवाल आडनाव परत घेते. कोणी तिला भाग पाडत नाही, ती ठरवते. त्याच वर्षी 'मेड इन हेवन' मध्ये नीरज घायवान यांनी बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. पण हे पैसे भरून बघायचे, तेही हिंदीत. फुकटच्या मराठी वाहिनीवर काय झाले? सोनी मराठीने जानेवारी २०२० मध्ये 'सावित्रीजोती' आणली. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार यांनी नवरा-बायको म्हणून एकमेकांना घडवणारी दोन माणसे दाखवली. आम्हाला ती फार आवडली. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून डिसेंबरातच ती गुंडाळली. प्रा. हरी नरके यांनी त्यावर जाहीर खंत व्यक्त केली होती. टीआरपी मोजणारी यंत्रे निवडक घरांत बसवतात, बौद्धवाडीत किती बसवली हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. पण जयंतीच्या डीजेवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या मंडळांनी त्या वर्षी 'सावित्रीजोती' बघा म्हणून एक फलक तरी लावला होता काय, हेही विचारले पाहिजे.

आम्हाला आता बाबासाहेबांवरची आणखी एक मालिका नको आहे, निदान लगेच नको. आम्हाला बाबासाहेबांच्या माणसांवरची मालिका हवी आहे. एक घर घ्या, कोकणातले, कांबळेंचे. आजोबा गिरणीतून परत आलेले, बाप मुंबई मंडळाचा खजिनदार, हिशोबात कडक आणि घरात हेकट. मुलगी नर्सिंगला, तिला जातीबाहेर लग्न करायचे आहे आणि अडवणारा बाप आंबेडकरवादावर तासभर भाषण देऊ शकतो. आणि एक पणजी. १९५६ नंतर कोकणातल्या वाड्यावाड्यांतून घरातले देव खाडीत नेऊन सोडले गेले, त्या वेळी ती नवी सून होती. पुरुष टोपली घेऊन पुढे गेले. ती मागे राहिली. लहानपणापासून ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांची जागा रिकामी झालेल्या त्या खोलीत तिने त्या रात्री दिवा लावला की नाही लावला, आणि सकाळी उठून तिने त्या कोनाड्यात काय ठेवले?